हेड मारायचं नाही

माझ्या लेकीच्या फुटबॉलच्या सरांचा तो गोल मी पाहिलेला नाही, ऐकलेला आहे.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझ्याबरोबर वाढलेल्या बायकांना हे उलगडून सांगायला नको. शाहू स्टेडियमवर मॅच असायची तेव्हा आम्ही पोरी गच्चीवर सांडग्या-पापडांची राखण करत बसलेल्या असायचो आणि आवाजावरनंच खेळ कळायचा. चेंडू बारला लागून गेला की लांबलचक हळहळ, फाउल दिला नाही की शिट्ट्या, आणि गोल झाला की शेजारच्या पिंपळावरचे कावळे उडायचे. कुणी मारला, कसा मारला, हे भाऊ घरी आल्यावर. त्या दिवशी भाऊ आला तो सायकल दारात आडवी टाकून, आणि माजघरात आईसमोर उडी मारून त्यानं गोल करून दाखवला. फायनल, शेवटची काही मिनिटं, कॉर्नर किक, गर्दीतून वर आलेलं एकच डोकं. आईनं विचारलं, “लागलं का रे त्याला?”

भावाला ते फार झोंबलं होतं.

त्या गोलाचा व्हिडिओ नाही. तेव्हा कोण काढणार? पेपरात आलेला एक काळपट फोटो आहे, त्यात सरांची पाठ आणि गोलीचे हवेतले पाय दिसतात, चेंडू दिसत नाही. त्यामुळं तो गोल जो तो आपापल्या सोयीनं सांगतो. माझा भाऊ म्हणतो पेनल्टी स्पॉटवरनं. मिरजकर तिकटीला चहाच्या गाड्यावर ऐकला तर अठरा यार्डांवरनं. एका लग्नाच्या पंगतीत तर तो जवळजवळ सेंटर लाइनपर्यंत मागं सरकला होता. त्या दिवशी समोरच्या गोलात उभे असलेले गृहस्थ अजून धडधाकट आहेत. त्यांना विचारलं, तर म्हणाले, “सहा यार्डाच्या आत व्हता त्यो. पर मला चेंडू दिसलाच न्हाई. ह्याचं टाळकंच दिसलं.”

सर यातलं काही खोडत नाहीत. दुजोराही देत नाहीत. नाव लिहू का म्हणून मी विचारलं होतं, तर म्हणाले, “नगं. नाव घातलं की लोकं पुन्यांदा गोलच विचारत बसत्यात.” ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाकीच्यांसाठी एवढं पुरे, की पेठेतल्या एका मोठ्या तालमीकडनं अनेक हंगाम सेंटर फॉरवर्ड खेळलेला हा माणूस. मधे मुंबईच्या एका कंपनीच्या संघात जाऊन आला. का परत आलात, तर म्हणे तिथल्या कूपरेज मैदानावर आपल्या नावानं कुणी ओरडत नव्हतं. पुढं मुंबईतले कंपन्यांचे संघ एकेक करून बंद पडत गेले. महिंद्रा युनायटेडनं २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघच गुंडाळला. तेव्हा सर आले ते बरंच झालं असं त्यांचे मित्र म्हणतात. सरांच्या बायकोला मात्र ते पटत नाही, कारण कंपनीची पक्की नोकरी गेली ती गेली. इथं एका सहकारी संस्थेत शिपाई म्हणून लागले, कारकून होऊन निवृत्त झाले.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला ‘आपल्या नावानं ओरडणं’ ही नोकरीच्या तोडीची गोष्ट वाटणार नाही, म्हणून थोडं सांगते. इथं फुटबॉल क्लबात खेळला जात नाही, तालमीत खेळला जातो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, संध्यामठ ही नावं लीगच्या तक्त्यात दिसतात ती मुळात पेठांतल्या तालमी-मंडळांची. जी तालीम गणपती बसवते, मोहरमला पंजे बसवते, तीच डिसेंबर आला की अकरा पोरं मैदानात उतरवते. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं कुस्ती मैदान १९१२ चं, आणि शाहू स्टेडियम तिथनं हाकेच्या अंतरावर. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, १९४० ची. आखाड्यात जशी पेठेची इज्जत पणाला लागायची तशी ती नंतर चेंडूला चिकटली. म्हणून आमचा प्रेक्षक खेळ बघायला जातो हे अर्धंच खरं, तो हिशोब चुकता करायलाही जातो. हुल्लडबाजी, दगडफेक, मॅचनंतर चौकाचौकांत बंदोबस्त, हे सगळं आम्ही बघितलंय, आणि ‘नाद खुळा’ म्हणून त्याचं कौतुक करणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. पण त्याच स्टेडियमवर नायजेरियातनं आलेल्या पोराला पेठेनं दोन महिन्यांत आपलंसं करून त्याला तांबडा-पांढरा खायला शिकवलेलंही बघितलंय.

आता हा माणूस फुलेवाडी रिंग रोडच्या बाजूला, शहर जिथं उसाला लागतं तिथल्या एका मोकळ्या मैदानावर सकाळी सहाला बारक्या पोरांना शिकवतो. क्लब असा म्हणायला एक नोंदणीचा कागद आहे, पाइप जोडून केलेले दोन छोटे गोल आहेत, आणि जाळीच्या पिशवीत चेंडू. पेठेचं पाठबळ नाही. फी आहे, पण ती ज्याला जमेल त्यानं, जमेल तेव्हा द्यायची, म्हणजे काय ते समजा. सर येतात जुन्या एम-एटीवर, मागं प्लॅस्टिकच्या कोनांची चळत दोरीनं बांधलेली. माझी लेक अकरा वर्षांची आहे आणि या क्लबात जाते. तिच्यासोबत आणखी दोन पोरी आहेत, बाकी सगळे पोरगे.

मला पहिल्यापासून ज्याचं नवल वाटलं ते हे, की त्या मैदानावर सर कोण आहेत हे फक्त आम्हा पालकांना माहीत आहे. पोरांना नाही. पोरांच्या पाठीवर मेस्सी आहे, रोनाल्डो आहे, एकाच्या पाठीवर अनिकेत जाधव आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला आपल्या कोल्हापूरचा पोरगा, म्हणून त्याच्या वडिलांनी मुद्दाम छापून घेतलाय. सरांबद्दल कुणा बापानं अभिमानानं सांगितलं की पोरं विचारतात, “यूट्यूबवर हाय का?” नाही म्हटल्यावर विषय संपतो. मी आधी हळहळले. मग काही महिने काठावर बसून बघितल्यावर वाटायला लागलं, की सरांना हीच जागा हवी होती. पेठेतल्या कुठल्याही चौकात ते उभे राहिले की लोक त्यांना पुन्हा त्या कॉर्नरला नेऊन उभं करतात. या पोरांना त्यांच्याकडनं गोल नको असतो. बुटाची नाडी बांधून हवी असते.

एकदा मी त्यांना सॉक्रेटिसची गोष्ट सांगितली. ग्रीक तत्त्वज्ञ नव्हे, ब्राझीलचा, १९८२ च्या विश्वचषकातला दाढीवाला कप्तान, पेशानं डॉक्टर. आमच्याकडं वर्ल्ड कप आला की ब्राझीलवाले आणि अर्जेंटिनावाले अशी गल्लोगल्ली वाटणी होते, पोस्टर लागतात. सर जुने ब्राझीलवाले, त्यामुळं नाव काढल्याबरोबर खुलले. हा सॉक्रेटिस २००४ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, इंग्लंडातल्या गार्फोर्थ टाउन नावाच्या अगदी खालच्या पायरीवरच्या क्लबात खेळाडू-प्रशिक्षक म्हणून महिन्याच्या कराराला आला होता. थंडीचे दिवस. एका मॅचमध्ये शेवटची बारा मिनिटं तो मैदानात उतरला. जगभरच्या पेपरांत बातमी आली. मला वाटलं होतं सर भारावतील. ते कोन गोळा करता करता म्हणाले, “बारा मिनटं? आन् पोरांना शिकीवलं कवा?”

शिकवणं हे काही त्यांना सहज आलेलं नाही. मोठा खेळाडू पाय कुठं ठेवायचा हे स्वतःला कधी सांगत नाही, पाय आपोआप पडतो. मग दुसऱ्याला काय सांगणार? सुरुवातीला ते म्हणे नुसते “अरं असं न्हवं, असं!” एवढंच ओरडायचे आणि करून दाखवायचे, आणि त्यांचं बघून कुणालाच काही जमायचं नाही. पुढं गुडघ्यानं करून दाखवणं बंद पाडलं. मग फुटबॉल फेडरेशनच्या डी लायसन्सच्या, म्हणजे प्रशिक्षकांच्या, कोर्सला गेले. वही-पेन घेऊन, आपल्या मुलाच्या वयाच्या शिक्षकासमोर. तिथनं आणलेली वही अजून एम-एटीच्या डिकीत असते. लहान गटाला तीन नंबरचा चेंडू, मग चार, पाच नंबरचा मोठ्यांनाच. रांगेत पोरं उभी करायची नाहीत, प्रत्येकाला चेंडू लागला पाहिजे. लहान मैदान, कमी पोरं. हे सगळं त्यात लिहिलंय.

काही गोष्टी मात्र वहीतल्या नाहीत. शनिवारी ‘डावखुरा’ असतो. त्या दिवशी डाव्या पायाच्या पोरांनी उजवा आणि उजव्या पायाच्यांनी डावा पाय वापरायचा, चुकून चांगला पाय लागला तर फ्री किक समोरच्याला. सरांना हे कुठल्याशा जुन्या हैदराबादी खेळाडूनं सांगितलं होतं. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादेत अशा दुबळ्या पायाच्या स्पर्धा भरवायचे. शाळामास्तर माणूस. त्यांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण मिळवलं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर आला, आणि तिथवर पुन्हा आपण पोचलेलो नाही. शनिवारी मैदानावर बघण्यासारखा गोंधळ असतो. भारी खेळणारी पोरं रडकुंडीला येतात आणि ज्याला एरवी कुणी पास देत नाही असा एखादा बारक्या गोल करून जातो. माझी लेक शुक्रवारी रात्रीच सांगते, “उद्या मी गोल मारतो बघ.”

आणि हेड मारायचं नाही, म्हणजे चेंडू डोक्यानं मारायचा नाही. बारा वर्षांच्या आतल्या कुणीही, सरावात किंवा मॅचमध्ये. चेंडू वर असेल तर खाली येऊ द्यायचा, छातीवर घ्यायचा, मांडीवर घ्यायचा. ज्या माणसाचं अख्खं नाव एका हेडरवर उभं आहे त्याच्या क्लबात हा नियम.

पालकांना तो पचला नाही. बहुतेकांनी पोरं इथं घातली तीच मुळी त्यासाठी. एका बापानं तर तोंडावर सांगितलं, “सर, तुमचा हुकमी माल सोडून बाकी सगळं शिकवताय.” सर हसले. कारण विचारलं तर ते फार बोलत नाहीत. “कवळी मानगूट असत्यात,” एवढंच. मग मी आपली वाचायला बसले, कारण मानगूट माझ्या लेकीचं होतं.

वाचून जे हाती लागलं ते असं. इंग्लंडात जेफ ॲस्टल नावाचा हेडरसाठी गाजलेला फॉरवर्ड होता. तो २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला, शेवटी घरच्यांनाही ओळखत नव्हता, आणि तिथल्या कोरोनरनं, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, मृत्यूचं कारण व्यवसायातून आलेला आजार असं नोंदवलं. वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेले ते जड, पाणी पिणारे चामड्याचे चेंडू. १९६६ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातल्या पाच जणांना उतारवयात स्मृतिभ्रंश झाला, त्यात बॉबी आणि जॅक हे दोघे चार्लटन भाऊ. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठानं स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांच्या साडेतीन पट निघालं. त्याच अभ्यासात हृदयविकारानं आणि फुफ्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचं प्रमाण मात्र कमी निघालं, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर उद्या सगळे पोरांना घरात कोंडतील. हेडरमुळंच होतं असं त्या आकड्यांनी सिद्ध होत नाही. पण अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना हेडर बंद केला होता, आणि २०२० मध्ये इंग्लंडनं प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात तो शिकवायचा नाही असं ठरवलं. पुढच्या एका तपासणीत दिसलं की हा धोका बचावपटूंमध्ये सगळ्यांत जास्त, जवळपास पाच पट, आणि गोलकीपरांमध्ये फारसा वाढलेला नाही.

हे शेवटचं मी त्या जुन्या गोलींना वाचून दाखवलं. ते कधीमधी सकाळी फिरायला मैदानावर येतात. ते सरांकडं बघून म्हणाले, “बघ, मी त्यो चेंडू उगंच सोडला न्हाई.” दोघं इतके हसले की पोरं खेळायची थांबली.

सर लहान पोरांना नावानं हाक मारत नाहीत, पाठीवरच्या नंबरानं मारतात. सगळेच प्रशिक्षक मारतात. पण ते स्मृतिभ्रंशाचं वाचल्यापासून मी त्याकडं जास्त लक्ष द्यायला लागले आहे, आणि ते मला आवडत नाही.

मार्चमध्ये शहरातल्या पाच-सहा छोट्या क्लबांनी मिळून बारा वर्षांखालच्यांची एकदिवसाची स्पर्धा घेतली. चषक नाही, मेडल नाही, फक्त केळी आणि सरबत. तरी काठावर पालक असे उभे होते जणू पेठेचा सामना. आमची पोरं पहिल्या दोन मॅच झकास खेळली. पास, पास, मोकळी जागा, पुन्हा पास. तिसरीत समोरच्या क्लबाला आमचं गुपित कळलं. त्यांचे सर हुशार. त्यांनी पोरांना सांगून टाकलं, मिळेल तिथनं चेंडू वर टाका, कॉर्नर काढा. आमची पोरं वरच्या चेंडूखाली हात पाठीशी धरून उभी राहिली, चेंडू खाली पडायची वाट बघत, आणि समोरच्या एका उंच पोरानं दोन कॉर्नरवर दोन हेड मारले. दोन-शून्य. काठावरनं आमचेच पालक ओरडत होते, “मार की हेड! उभी काय राहिलीस!” त्यातलं दुसरं वाक्य माझ्या लेकीला होतं.

मी सरांकडं बघत होते. त्यांच्या कपाळाची शीर उडत होती आणि दुसऱ्या कॉर्नरच्या वेळी त्यांच्या टाचा जमिनीवरनं उचलल्या गेल्या. साठी ओलांडलेला माणूस, गुडघा गेलेला, आणि चेंडू हवेत असताना त्याचं अंग वर निघालं होतं. तोंडातून मात्र शब्द काढला नाही. तो गोल मी कधी पाहिला नव्हता म्हटलं ना, पण त्या उचललेल्या टाचांवरनं भावानं माजघरात दाखवलेली उडी खरी होती एवढं मला कळलं.

मॅचनंतर मोठं भांडण झालं. एका बापाचं म्हणणं, नियम आमच्याच पोरांना का, समोरच्यांचं मानगूट काय लोखंडाचं आहे? प्रश्न चुकीचा नव्हता. सर म्हणाले, “त्यांचंबी कवळंच हाय. पर ती माझी पोरं न्हवंत.” त्या बापानं दुसऱ्या दिवसापासून पोराला काढलं आणि शहरातल्या दुसऱ्या क्लबात घातलं. पोरगा चांगला होता, डाव्या पायाचा. आणखी दोघं गळाली. क्लब म्हणजे मुळात किती पोरं, त्यात तीन कमी झाली की फीचं गणित मोडतं. यंदा नवे चेंडू आले नाहीत, जुन्यांना पॅच मारून चाललंय.

माझी लेक घरी येऊन म्हणाली, “आई, मी हेड मारला असता तर वाचला असता गोल.” बहुतेक वाचला असता. तिला मी तसंच सांगितलं. खोटं सांगून काय करायचं? तिनं विचारलं मग सरांना हरायला आवडतं का. मी म्हटलं, त्यांनाच विचार. तिनं खरंच विचारलं, दुसऱ्या दिवशी, सगळ्यांसमोर. सर म्हणाले, “न्हाई आवडत. रातभर झोप लागली न्हाई.” आणि वॉर्मअपला पळायला लावलं.

क्लबात सहा-सात मोठी पोरं आहेत, तेरा संपून चौदा लागलेली. त्यांना जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर मैदान मऊ झालं की, सर हेडर शिकवायला सुरुवात करणार आहेत. चेंडू नंतर. आधी मानेचे व्यायाम, मग डोळे उघडे ठेवून फुगा कपाळावर घ्यायचा, मग हलका चेंडू, तोही हातानं टाकलेला आणि आठवड्यातनं मोजून थोडे. वहीत तसं टिपून ठेवलंय. ही बातमी पेठेत कशी पोचली कोण जाणे, पण पोचली. माझा भाऊ, ते जुने गोली आणि तालमीच्या कट्ट्यावरची आणखी चार माणसं बघायला येणार म्हणून आत्ताच सांगून बसलीत. सर पुन्हा हेड मारून दाखवणार अशी त्यांची खात्री आहे. सरांनी निरोप पाठवलाय, रिकाम्या हातानं यायचं नाही, प्रत्येकानं दहा-दहा फुगे आणायचे, आणि तिथं आल्यावर आपापले फुगवायचे.